शेजारच्या बागेची माती

नर्सरीतून आणलेल्या कुंडीला शेणखत मिसळलेल्या लाल मातीचा वास आला, की मला अंबरपेठेतलं आमचं जुनं घर आठवतं. दोन घरांच्या मध्ये उभ्या शहाबादी फरशा पुरून केलेलं कुंपण होतं आणि आमच्या बाजूच्या बोळात सासूबाई काठी टेकत फिरायच्या. शेजाऱ्यांनी बाग उंच करायला घेतली आणि मातीचे ढीग थेट त्या फरशांना टेकवले. ऑफिसला जाता-येता मी रोज सांगायचे आणि ते रोज हसून त्यांच्या दखनीत म्हणायचे, "हौ भाभी, कल हटवा देतूं, टेंशन नक्को लेव." माणूस वाईट नव्हता, त्यामुळे धड भांडताही येईना. एका संध्याकाळी घरी आले, तर दोन फरशा बोळाकडे कलल्या होत्या आणि सासूबाई त्यांना पाठ लावून उभ्या होत्या. "मी धरलंय गं, पडायचं नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांना आत बसवलं, फावडं घेतलं आणि पलीकडे जाऊन माती ओढू लागले. शेजारीण बाहेर आली आणि चपला काढून हातांनीच माती उपसायला लागली. थोड्या वेळाने तिचा नवराही घमेलं घेऊन आला. अंधार पडेपर्यंत फरशा मोकळ्या झाल्या. मी घरी येऊन मातीच्या हातांनीच सासूबाईंशेजारी आडवी झाले. आज वाटतं, भांडायला लागतं तेवढंही बळ त्या दिवशी माझ्यात उरलं नव्हतं, म्हणून मी नुसतं फावडं उचललं आणि ते प्रकरण मिटलं.