काकू-सानचं पातेलं

काकू माणसाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, कानाकडे बघायच्या. टोकियोच्या निशी-कसाईत मी नवा होतो तेव्हा भारतीय दुकानात तूरडाळ घेताना त्यांनी मला असं निरखलं, की घरी येऊन मी आरशात दोन्ही कान तपासले.

"पुण्याचा ना रे?"

"हो. कानावरून ओळखलंत?"

"कान बरे आहेत. माझा प्रश्न संपायच्या आधी मान डोलावलीस, त्यावरून."

ही कानाची सवय त्यांना माशांनी लावली होती. काकू मूळच्या हर्णैच्या. नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी दोन वर्षांसाठी जपानला आल्या आणि वीस वर्षं राहिल्या. सुपरमार्केटच्या मासळी विभागात त्या अरुबाइतो करायच्या, म्हणजे तासावर काम. सुरी हातात घेतली की समोरचा मासा स्वतःहून कूस बदलायचा, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. गोड्या पाण्यातल्या माशाला मात्र त्यांच्या लेखी किंमत नव्हती. "मीठ घालायचं राहिलेली आमटी," म्हणायच्या. तरी दर रविवारी गाडी बदलत चिबाच्या बाजूच्या एका तळ्यावर गळ टाकून बसायच्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "समुद्रावर गेलं की घर आठवतं. तळ्यावर काही म्हणता काही आठवत नाही. आठवड्यातून एक दिवस तेवढं पुरतं मला."

त्या तळ्याची देखभाल म्हाताऱ्यांचं एक मंडळ करायचं. त्यातला सगळ्यात कोवळा सभासद पंच्याहत्तरचा. अध्यक्षांना सगळे काइचो-सान म्हणत. ते एका ऋतूत दोन वाक्यं बोलत आणि त्यातलं एक हवेबद्दल असे. आम्ही 'काकू' म्हणतो हे ऐकून तेच त्यांचं आडनाव असणार असं म्हाताऱ्यांनी ठरवलं, आणि त्या काकू-सान झाल्या. तळ्यात ब्लूगिल नावाचा परदेशी मासा माजला होता. तो इथल्या माशांची अंडी खातो, म्हणून मंडळ वर्षातून एक दिवस मोहीम काढायचं. ब्लूगिल झाकणाच्या पेटीत, इथला मासा परत तळ्यात. पेटीत गेलेला पुन्हा पाणी बघत नाही, हा नियम.

एका वर्षी या मोहिमेला आपल्या मराठी कुटुंबांना न्यायची थोर कल्पना मला सुचली. "मासे ओळखता येतील ना?" काइचो-साननी विचारलं. त्यांचं 'ना' यायच्या आत माझी मान डोलून झाली होती. आता ब्लूगिलचं पिल्लू चपटं, तळहाताएवढं, चकचकीत. इथल्या फुना माशाचं पिल्लूही चपटं, तळहाताएवढं, चकचकीत. आमच्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात मासा फक्त घड्याळाच्या जाहिरातीत पाहिलेला. त्यात कुणीतरी पेटीचं झाकण उघडलं, आत तडफडणारे जीव दिसले, आणि मागून एक वहिनी कळवळून म्हणाल्या, "अहो, आज एकादशी आहे!"

झालं. मी पुढारी. पेटी उचलली आणि अख्खी तळ्यात उपडी केली. दोघा-तिघांनी हात जोडले. एकट्या माझ्या लेकीने, शाळेत हे सगळं शिकलेल्या, किंकाळी फोडली, "चिगाउ, बाबा! चुकलं!" चाळीस मासे होते. ऑफिसात सांगताना मी ते चारशे करतो; इथे चाळीसच ठेवतो, कारण हे काकू वाचतील.

काइचो-साननी डोक्यावरची टोपी काढली. बस, एवढंच. माझ्या आजोबांनी छडी काढली असती तर बरं वाटलं असतं.

आठवड्याने अतिशय नम्र असं दोन पानी पत्र आलं. त्याचा अर्थ एका ओळीचा होता: यापुढे आपण कोणीही येऊ नये. 'कोणीही'मध्ये काकू आल्या. त्या दिवशी त्या सुपरमार्केटच्या कामावर होत्या, तळ्यावर नव्हत्याच, पण आम्हाला त्यांच्याच नावावर बोलावलेलं. मी माफी मागायला गेलो तर कांदा चिरता चिरता त्या एवढंच म्हणाल्या, "माझा रविवार गेला रे." आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचं नव्हतं, हे मलाही कळलं.

पण काकू रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी त्यांनी मोठं पातेलंभर पोहे केले, ते माझ्या डोक्यावर दिले आणि थेट काइचो-सानपुढे उभ्या राहिल्या. "माझी परीक्षा घ्या," म्हणाल्या. म्हाताऱ्यांनी आपसांत पाऊण तास कुजबूज केली आणि ठरवलं: आठ मासे. प्रत्येकाचं सांगायचं, पेटी की तळं. सगळे बरोबर आले तर काकूही परत आणि आम्हीही. एक चुकला तर कोणीच नाही.

काचेच्या डबीत एकेक मासा येऊ लागला. काकू जपानीत उत्तर द्यायच्या आणि मराठीत मला शिकवायच्या.

"कानाशी काळा ठिपका, पाठीवर काटे. ब्लूगिल. पेटी. कान बघ, कान!"

"ह्याला मिशा आहेत. कोईचं पिल्लू. तळं."

"ह्याचा जबडा बघ, डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलाय, तुझ्यासारखा. हा बास, तोही परदेशी. पेटी."

सात झाले, सातही बरोबर. काइचो-सान सोडून सगळे म्हातारे मोकळेपणाने पोहे खाऊ लागले. मग आठवी डबी आली. आत बोटाच्या दोन पेरांएवढा चंदेरी तानागो. तानागोची एक जात इथली, एक बाहेरून आलेली, आणि लहानपणी दोघांतला फरक त्यांच्या आयांनाही कळत नसावा. काकूंनी डबी उन्हात धरली, उलटी केली, चष्मा काढला, घातला. तळ्यावरचा वारासुद्धा थांबला.

"पेटी म्हणा, काकू!" मी कुजबुजलो. "निम्मा चान्स आहे!"

"गप. एकदा मान डोलावलीस तेवढी पुरे."

मग त्या काइचो-सानकडे वळून जपानीत म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मी परतीच्या गाडीची वेळ बघायला लागलो. काकूंनी मात्र उरलेले पोहे माझ्या ओंजळीत ओतले, पातेलं विसळलं, तळ्याचं पाणी भरलं आणि तो मासा त्यात सोडला. कडेला चिकटलेली मोहरी तो टिपायला लागला. "मोठा होऊ दे," काकू म्हणाल्या. "मग बघू."

काइचो-साननी पातेल्यात वाकून पाहिलं. मग त्यांनी हयातीतलं सगळ्यात लांब भाषण केलं. "साठ वर्षं मी हे मासे बघतोय. हा मलाही ओळखता येत नाही. येतो म्हणणारा माणूस मला पेटीजवळ नको होता. तुम्ही सगळे या." आणि त्यांनी माझ्या ओंजळीतले पोहे उचलून खाल्ले.

तो तानागो मंडळाच्या खोलीत काचेच्या टाकीत वाढला. वसंतात त्याच्या अंगावर रंग चढला, तेव्हा काइचो-साननी स्वतः काकूंना फोन केला. इथलाच निघाला. काकूंनी तो आपल्या हाताने तळ्यात सोडला. माझं ऐकलं असतं तर पेटीत गेला असता.

दोन वर्षांपूर्वी नवरा निवृत्त झाला आणि काकू हर्णैला परतल्या. जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी ते पातेलं काइचो-सानना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी, मानपत्र घ्यावं तसं घेतलं. आता मोहिमेच्या दिवशी टेबलाशी पेटी असते, समोर तळं असतं, आणि मध्ये ते पातेलं. त्याच्यावर जपानी कताकाना लिपीत चिठ्ठी आहे: काकू.

परवाच्या मोहिमेला माझ्या हातात एक छोटा चंदेरी मासा आला. कान बघितला, पाठ बघितली, जबडा बघितला. "कोणता?" काइचो-साननी विचारलं. माझी मान आपोआप निघाली होती. मी तिला अर्ध्यात धरली.

"माहीत नाही," म्हणालो, आणि तो काकूंकडे सोपवला.