मोहाचं मूळ

आबांचं घर वणव्यात गेलं, तेव्हा मी जळगावहून एक वही घेऊन निघाले. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, कुडाच्या भिंतींच्या जागी राख होती आणि आबा, माझे वडील, शेळीला धरून उभे होते. ते गाव सोडणार नव्हते. तेव्हा पुढचं घर जळता कामा नये, एवढंच मी ठरवलं.

यादी केली. विटांच्या भिंती, वर स्लॅब, झरोक्यांना बारीक जाळी, दाराला पत्रा. भोवती दहा पावलं मोकळी जमीन. जळणासाठीच्या कपाशीच्या पऱ्हाट्या लांब, बांधावर.

आबा म्हणाले, "बठ्ठं लिखी टाकं तू. त्या यादीमा मी शे का?"

"तुमच्यासाठीच आहे सगळी."

"मंग मोहले हात लावू नको. मन्हा बापनं झाड शे ते."

मोह पंधरा पावलांवर होता. राहू दिला. पाया खणताना त्याचं मांडीएवढं मूळ आडवं आलं. गवंड्याने तोडलं. वहीत मी ते लिहिलं नाही.

चैत्रात मोहाची फुलं गळतात. ती वेचता यावीत म्हणून आधी झाडाखालचा पाचोळा पेटवायचा, ही तिकडची रीत. नव्या घरातल्या पहिल्या चैत्रात आबांनीही पेटवला आणि उभं राहून विझवला. चार दिवसांनी मी मुक्कामाला गेले.

सकाळी अनवाणीच मागच्या अंगणात उतरले. जमीन गार होती. एका जागी मात्र कोमट लागली. पाऊल पुढे टाकलं, तिथेही कोमट. तो पट्टा सरळ भिंतीकडे जात होता, आणि भिंतीला पऱ्हाट्या टेकलेल्या होत्या.

"आबा, या परत इथे कोणी आणल्या?"

"चूल आठे, जळन तठे? मन्हा पाय तुटतीन ना!"

दोघांनी पऱ्हाट्या ओढून काढल्या. मी बादली ओतली. जमिनीच्या पोटात चर्र झालं. धूर मात्र पाणी पडलं तिथून निघाला नाही. तो माझ्या मागे, मागच्या दाराच्या पायरीखालून आला.

दुपारपर्यंत खणलं. मूळ नव्हतंच. मुळाच्या आकाराची पोकळी होती, आतून काळी, झाडापासून भिंतीपर्यंत. तोडलेलं, वाळलेलं मूळ चार दिवस धुमसत घराकडे येत होतं, आणि त्याच भिंतीकडे डोकं करून आबा झोपत होते.

आबांनी पोकळीत खांद्यापर्यंत हात घातला. बराच वेळ काढला नाही.

आता ते पाचोळा जाळत नाहीत. झाडाखाली, माझ्याकडे जळगावला होती म्हणून वाचलेली आईची जुनी लुगडी अंथरतात, फुलं त्यांवर पडतात. उजाडताना लांबून पाहिलं, तर कोणीतरी निजलंय असं वाटतं. वहीतली शेवटची ओळ त्यांनीच सांगितली: रोज सकाळी घराभोवती अनवाणी फिरायचं.

त्यांचं फिरून झालं की मी फोनवर विचारते, "जमीन गार?"

"गार शे."

परवा "गार शे" आलं नाही. फोनमधून बादलीची कडी वाजलेली ऐकू आली. मी पुन्हा विचारलं नाही. चपला घातल्या आणि शिरपूरची पहिली बस धरली.