फाळा भरला, पावती आहे

बाबा गेले त्या वर्षी माघात गावाहून शेजारच्या काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाले, "फाळा भरलास ना गो?"

"भरला काका," मी म्हटलं. "पावतीपण आहे."

काका म्हणाले, "बरं झालं. बापाचं काम चालू ठेवलंस."

मला फार बरं वाटलं. आमचं गाव रेवसच्या अलीकडं, खाडीकाठी. आई एकटी गावात, मी नोकरीला मुंबईत. शेती कसायला दिलेली. बाबा दरवर्षी शिमग्याच्या आधी फोनवर सांगायचे, "फाळा भरला, आता निवांत." फाळा म्हणजे शेतसारा, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. निदान तसं वाटत होतं. त्यामुळे ते गेल्यावर मी आठवणीनं तलाठ्याकडं जाऊन सारा भरला आणि पावती प्लॅस्टिकच्या फाइलीत लावली.

श्रावणातल्या अमावास्येला ऑफिसात जेवायला बसले होते, तेवढ्यात आईचा फोन आला.

"बांध फुटला गो. पाणी शेतात शिरलं."

"कुठं फुटला?"

"आपल्याच फाळ्यात."

मला वाक्य कळलंच नाही. सारा फुटतो कसा? समुद्र खवळल्यानं रेवसची लाँच बंद होती, म्हणून पेणवरून एसटीनं निघाले. वाटभर तेच वाक्य डोक्यात घोळत होतं.

पोचले तेव्हा ओहोटी लागलेली. खाडीच्या बांधाला दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढं खिंडार पडलं होतं आणि त्यातून आमच्या शेतांतलं पाणी परत खाडीत ओढलं जात होतं. गुडघाभर वाढलेलं भात आडवं पडलेलं. पातींवर राखाडी गाळ. एका खाचरात तर मासा उड्या मारत होता. मी खाली वाकले, बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

काका चिखलात उभे होते. त्यांचं खाचर आमच्या पाठीला लागून, सगळं गेलेलं.

"तू भरलास म्हनालीस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "म्हनून मी हिकडं फिरकलोच न्हाय."

"भरला ना काका. पावती आहे माझ्याकडं."

"पावती? मातीची कसली पावती?"

मग त्यांनी सांगितलं. हा बांध पूर्वीपासून सगळ्या घरांचा. कुणाच्या किती जमिनीला तो राखतो, त्या हिशेबानं बांधाचे वाटे पाडलेले. ज्याचा त्याचा वाटा म्हणजे ज्याचा त्याचा फाळा. भात झोडून झालं की प्रत्येक घरानं आपल्या वाट्यावर माती भरायची, खेकड्यांची बिळं बुजवायची. हे फाळा भरणं. ज्याला जमत नसे तो गावाकडं पैसे द्यायचा, गाव त्याच्या जागी माणूस लावायचं. मग पैसे देण्यालाही फाळा भरणंच म्हणू लागले. पुढं सरकारी सारा आला, त्यालाही लोकांनी तोच शब्द लावला. काकांच्या वडलांनी त्यांना असं सांगितलेलं. खरं-खोटं मला ठरवता येणार नाही. नंतर एका जुन्या शब्दकोशात पाहिलं, तिथं फाळा म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला येणारी पट्टी, वर्गणी, असा अर्थ दिला होता. माती तिथं नव्हती.

बाबा एवढी वर्षं, सत्तरी उलटल्यावरसुद्धा, त्या बांधावर टोपली घेऊन जात होते आणि मला वाटत होतं, ते कचेरीत रांगेत उभे राहतात.

"आई, तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तू मानसं लावलीस," आई म्हणाली. "तू भरला म्हनालीस ना."

आमच्यासकट अकरा घरांची भातं गेली होती आणि मी कुणाशी खोटं बोलले नव्हते.

पलीकडच्या खाचराची बाई, जिची तेवढी एकच शेती, माझ्याजवळून गेली. मी हाक मारली, तर पदर ओढून घेतला आणि चालायला लागली. ते बरोबरच होतं.

मी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी ओहोटीत गावानं मातीची पोती आणि पेंढा टाकून खिंडार बुजवलं, पण पुढच्या भरतीनं सगळं उचलून नेलं. काका म्हणाले, आता भांगाशिवाय जमायचं न्हाय. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, भरती तेव्हा उंच चढत नाही. तोवर दिवसातून दोनदा खाडी आमच्या शेतांतून फिरून जायची आणि आम्ही नुसतं बघत उभे. भांगाला पंचवीसएक माणसं लागली, तेव्हा खिंडार बंद झालं. तळहातांची सालटं निघाली, तरी मी पोती उचलली. कुणी थांबवलं नाही.

भात त्या वर्षी गेलंच. मिठामुळं पुढच्या वर्षीही निम्मंच आलं. पलीकडची बाई दुसरा पावसाळा संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी मी बांधावरून परतले, तेव्हा ती आईकडं वालाच्या शेंगा घेऊन आली आणि मला म्हणाली, "हातपाय धू, चिखल लागलाय." बस, एवढंच.

आता दर माघात मी चार माणसं घेऊन जाते. पहिल्या वर्षी काकांनी आमचा वाटा कुठून सुरू होतो ते दाखवलं, उंडीच्या झाडापासून बांध वळतो त्या वाकणापर्यंत, पावलांनी मोजून. माती टाकून झाल्यावर ते त्यावरून अनवाणी चालले. एका जागी थांबले, टाच रोवली, अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"हितं पोकळ हाय," म्हणाले. "अजून भर."