नारूची विहीर

माझ्या उजव्या पायातून नारू निघाला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. लग्न झालं होतं, नांदायला जायचं बाकी होतं. घोट्याच्या वर फोड आला, फुटला, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं नारूचं टोक दिसायला लागलं. आई ते काडीला गुंडाळायची, रोज दोन बोटं, जास्त नाही. जोर केला की तुटतो आणि तुटला की पाय पिकतो, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. माझ्या थोरल्या भावाचा तुटला होता. त्याचा गुडघा पुढं कधी सरळ झाला नाही.

आमचं गाव पणदऱ्याच्या पलीकडं. कालव्याच्या पाण्यावर आमची वांगी, मिरची, घेवडा निघायचा आणि बारामतीच्या बाजारात जायचा. प्यायला मात्र एकच विहीर, पायऱ्यांची. बायका खाली उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. दर उन्हाळ्यात घराघरात कुणी ना कुणी नारूनं खाटेवर पडलेलं असे. पेरणीच्या तोंडावर माणूस मिळत नसे. गाव म्हणायचं, इथलं पाणी पायाला धरतं. तेवढं बोलून झालं की जो तो आपल्या कामाला लागायचा.

दीड महिना झाला तरी माझा पाय बरा होईना, तेव्हा वडील मला भाजीच्या गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. आमच्या तांब्यातलं पाणी त्यांनी काचेच्या पेल्यात ओतलं, खिडकीसमोर धरलं आणि माझ्या हातात भिंग दिलं.

"काय दिसतंय?"

"बारीक कायतरी उड्या मारतंय."

"नारू झालेला पाय पाण्यात बुडाला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. हे किडे ती गिळतात. हे किडे तुम्ही पिता आणि वर्षभरानं तुमच्या अंगातून नारू निघतो. पाणी कापडानं गाळून प्या. आणि विहिरीत पाय घालणं बंद करा."

मग वडिलांनीही भिंगातून पाहिलं, बराच वेळ. परतीच्या वाटेवर मी त्यांना म्हटलं, "म्हंजी माझ्या पायानं मी किती जणांला नारू दिला असंल."

पाय टेकता यायला लागला तशी मी शेजारच्या धनगराच्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती माझ्याच वयाची, माझी जिवाची मैत्रीण. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पायऱ्याच बुजवू."

आधी मी चावडीवर गेले. गावात शब्द चालायचा तो आबांचा. ते चार माणसांत बसले होते. मुलीनं चावडीची पायरी चढणंच मुळात कुणाला रुचलं नाही. मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

"पोरी," आबा म्हणाले, "त्या पायऱ्या तुज्या पणजाच्या आदीपासनंच्या हायती. त्येनं पाणी पेलं न्हाय व्हय?"

"त्येलाबी नारू झालाच असंल की, आबा."

मला घरी जायला सांगण्यात आलं आणि संध्याकाळी वडिलांना बोलावून बोल लावला गेला. त्याच संध्याकाळी आमचं ठरलं. पाणी भरणाऱ्या आम्ही सात मुली आणि सातवीत शिकणारे तीन मुलगे.

बाजारच्या दिवशी कर्ती माणसं बारामतीला गेली आणि आम्ही कामाला लागलो. अडचण आली ती आसरांची, पाण्यातल्या देवतांची. पाण्यालगतच्या कोनाड्यात साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड होते. मुलगे मागं सरले. मैत्रीण आंघोळ करून आली, एकेक दगड पदरात घेऊन वर आणला आणि काठावरच्या लिंबाखाली मांडला. "त्येंनाबी वरनं पाणी दिसतंय," ती म्हणाली, आणि पदर झटकून दगड वाहायला लागली. ढासळलेल्या बांधाचे दगड आणून आम्ही पायऱ्यांची वाट माणसाच्या उंचीएवढी बंद केली. आमच्या गोठ्यातलं मोटेचं जुनं चाक मी न विचारता काढून आणलं. मुलग्यांनी दोन लाकडी मेढी रोवून ते त्यांच्यावर बसवलं. दुपारनंतर पहिला पोहरा वर आला.

ऊन कलता कलता गाड्या परतल्या. आबा पहारी घेतलेली चार माणसं घेऊन आले. आम्ही दगडांवर बसून होतो.

"उठा."

"न्हाय उठत," मी म्हटलं.

"बापाला बलवू का?"

वडील गर्दीतच होते. ते पुढं आले तेव्हा मला वाटलं, आता हाताला धरून ओढतील. ते माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, म्या त्या भिंगातनं बघितलंय. आणि माज्या पोराचा गुडगा तुमीबी रोज बघता."

आबांनी माणसांना खूण केली. तेव्हा मैत्रीण उठली. "काढा दगड. पन उद्यापासनं पाणी तुमीच भरा. आमी सात जणी भरनार न्हाय."

मागून माझी आई म्हणाली, "आठ जणी."

मग आणखी बायका बोलल्या, मोजता येणार नाही इतक्या. आबांनी पहारी खाली ठेवायला लावल्या. "एक उन्हाळा बघू," म्हणाले आणि गेले.

तो उन्हाळा आमच्यावरच उलटला. दोर ओढून बायकांच्या तळहातांना फोड आले आणि शिव्या आम्हाला बसल्या. नारूही निघालेच. ते आधी प्यालेल्या पाण्याचे, हे मी दारोदार सांगत फिरले. एका सकाळी वरचे दगड कुणीतरी पाडलेले दिसले. आम्ही ते पुन्हा रचले. दुसऱ्यांदा पाडले, पुन्हा रचले.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. गावकुसाबाहेरच्या बायकांना पायऱ्या उतरायची मनाई होती. कुणी ओंजळभर दया दाखवेपर्यंत त्या वर ताटकळत. चाक बसल्यावरही आम्ही त्यांना दोराला हात लावू दिला नाही, वरूनच ओतत राहिलो. आम्ही स्वतःला फार धीट समजत होतो. तेवढं धैर्य आमच्यात नव्हतं, आणि कुणी येऊन मागेल याची वाट आम्ही बघायला नको होती.

पुढच्या उन्हाळ्यात गावात दोघांनाच नारू निघाला, आणि दोघंही वर्षभर परगावी मजुरीला गेलेले. तोवर मी भिगवणकडं सासरी नांदायला गेले होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, त्याच सुमारास तालुक्याचे साहेब विहीर बघायला आले. पंचांनी मांडव घातला. आबांच्या गळ्यात हार पडला आणि साहेब म्हणाले की, असे जाणते लोक गावोगाव हवेत.

मैत्रीण कडेवर मूल घेऊन बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती जागेवरूनच बोलली, "सायेब, पायऱ्या आमी बुजवल्या. ह्ये आबा पहारी घिऊन आलं हुतं."

साहेबांनी विचारलं, "आमी म्हणजे कोण?"

मला नववा महिना लागला होता, उठणं जड जात होतं. तरी मी उठले आणि त्या दहाही जणांची नावं एकेक करून मोठ्यानं सांगितली. साहेबांच्या कारकुनानं ती लिहून घेतली की नाही, मला ठाऊक नाही. आबांनी ऐकली. ती सांगून होईपर्यंत मी खाली बसले नाही.