लाभातून अमृतात गेलेली फी

"साहेब, लाभ निघी जाई. आते बटन दाबी टाका," डिंडोलीचे नाना माझ्या टेबलावर वाकून म्हणाले. मुलीची आयर्लंडच्या कॉलेजची फी पाठवायची होती. शेवटची तारीख तोंडावर आलेली, पैसे पोहोचले नाहीत तर सीट जाणार. त्यात नाना खानदेशातून येऊन पक्के सुरती झालेले. लाभ, अमृत असं दिवसातलं चांगलं चोघडिया, म्हणजे शुभ वेळ, बघितल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत.

आमच्या बँकेच्या सुरतेतल्या पर्वत पाटिया ब्रँचमध्ये परदेशी पैशांचं काम हेतलबेन बघायची. एक जण एन्ट्री करतो, तो मेकर. दुसरा तपासून पास करतो, तो चेकर. मेकर ती, चेकर मी. मी स्वतः खानदेशातला, पण माझ्याच मुलखातली माणसं दारातून विचारणार, "हेतलबेन शे का?" ती गुजराती असून त्यांच्याशी अहिराणीत बोलायची. मी जळायचो, सरळच सांगतो.

एरवी चेकर रक्कम आणि नाव बघून मोकळा होतो. तिची एन्ट्री मी अक्षर न् अक्षर वाचायचो, कधीतरी चूक सापडेल म्हणून. त्या दिवशी सापडली. बँकेच्या स्विफ्ट कोडमध्ये पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची. तिथे आयर्लंडचं 'आयई' हवं, होतं जर्मनीचं 'डीई'. कॉलेजने दोन बँका कळवल्या होत्या. एक जिथे खातं आहे ती, दुसरी पैसे पुढे ढकलणारी मधली. लाभ गाठायच्या घाईत हिने खात्याच्या जागी मधलीचा कोड टाकला होता. पैसे फिरून परत आले असते आणि तोवर तारीख उलटली असती.

मला आनंद झाला. मॅनेजरसाहेबांसमोरच तिला बोलावलं. तिने स्क्रीन बघितला, "माझीच चूक, सर," म्हणाली आणि लगेच दुरुस्तीला बसली. माझी सगळी मजा गेली.

तोवर लाभ संपला होता आणि नाना रडवेले झाले होते.

"लाभ जाऊ द्या, नाना," ती म्हणाली. "पुढे अमृत शे. ते आखो भारी."

नाना खुलले. अमृतात मी पास केलं. फी वेळेत पोहोचली, सीट पक्की झाली.

पुढच्या आठवड्यात नाना घारीचा, सुरतच्या खास मिठाईचा, बॉक्स घेऊन आले, थेट हेतलबेनकडे. तिने अमृतासाठीच पैसे थांबवले, असं ते डिंडोलीभर सांगून आले होते. "चूक माझी होती, सरांनी धरली," असं ती दोनदा म्हणाली. नानांना तो तिचा मोठेपणा वाटला. जाताना ते माझ्याकडे वळले.

"साहेब, तुम्ही तर लाभमाच दाबी टाकं असतं."

चेकर जळका असावा, कोड नीट तपासले जातात. घारी मात्र मेकरच्या टेबलावर उघडते.