पेनाचं सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव!

युनिफॉर्म धुवायला टाकला की खिशातून काय काय निघतं! चिकटपट्टीचं अर्धं रीळ, सुईचं झाकण, कुणाच्या तरी नातेवाइकाने बळेच कोंबलेला पेढा. किस्स्यांचंही तसंच आहे. ते गोळा करायला मी कधी गेले नाही, ड्यूटी संपली की आपले सोबत आलेले असतात.

मी मंगल सिस्टर. बारामतीतल्या एका हॉस्पिटलात आयसीयूची इन्चार्ज. माहेर इंदापूर तालुक्यातलं, त्यामुळे आवाज जरा मोठा. आणि लोक म्हणतात, भांडखोर. आहेच! आयसीयूत न भांडणारी सिस्टर काय कामाची?

आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं होतात ती श्वासावरून. म्हणजे पेशंटच्या रक्तात ऑक्सिजन किती उतरतोय, यावरून. बोटाला क्लिप लावली की आकडा दिसतो, ते सॅच्युरेशन. त्यावर भरवसा नसेल तर मनगटातल्या धमनीतून रक्त काढून मशिनमध्ये घालायचं, तो एबीजी. एवढंच. पण या दोन आकड्यांवरून मी डॉक्टरांशी भांडलेय, पेशंटशी भांडलेय, नातेवाइकांशी तर रोजच.

*

नातेवाइकांपासूनच सुरू करते.

एका आजींना न्यूमोनिया होता. त्यांचा मुलगा घरून स्वतःचं बोटाला लावायचं मशिन घेऊन आला. ऑनलाइन मागवलेलं. दर पंधरा मिनिटांनी आत यायचा, आईच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला ते लावायचा आणि ओरडायचा, “तुमचं मशिन एक्क्याण्णव दावतंय, आमचं अठ्ठ्याण्णव! उगा आयसीयूत डांबून ठेवलंय आमच्या आईला!”

दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातून ते मशिन घेतलं, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि मशिन पेनालाच लावलं.

अठ्ठ्याण्णव! वर नाडीसुद्धा दाखवली, बहात्तर!

मी म्हटलं, “दादा, पेनाची तब्येत उत्तम आहे. घेऊन जा डिस्चार्ज. आई राहू दे आमच्याकडे.”

*

एबीजीचं रक्त काढणं सोपं नसतं. शीर वर दिसते, धमनी आत लपलेली असते. बोटांना ठोका लागला की तिथे सुई. पेशंटला दुखतंही फार.

कऱ्हाटीचे एक आबा होते, पंचाहत्तरीचे, दम्याने बेजार. आमचा पोपट ब्रदर, म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात जुना पुरुष नर्स, त्यांचं रक्त काढायला बसला. एकदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा, नाही. पोपट घामाघूम. आबा शांतपणे बघतायत.

तिसऱ्यांदा सुई उचलली तसं आबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “थांब. तू कोरडं बोअर मारतुयास.”

“म्हणजे?”

“चाळीस वर्सं पाणाड्याचं काम केलंय मी. हातावर नारळ घिऊन लोकांच्या रानातलं पाणी दावलंय. माझ्याच हातातलं मला गावायचं न्हाय व्हय?”

आणि त्यांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं स्वतःच्या मनगटावर फिरवली. डोळे मिटून. एका जागी थांबले. “हितं. अंगठ्याकडं जरा सरक. आन् तिरकी घाल.”

पोपटने घातली. लालभडक रक्त सिरिंजमध्ये आपसूक चढलं!

मी मास्क परत तोंडावर लावायला गेले तर आबांनी हात धरला. पोपटला विचारायचं राहिलं होतं.

“किती फुटाव लागलं रं?”

*

आता तो गीझरचा प्रसंग. हा सांगताना मला अजून राग येतो.

नवीन लग्न झालेली पोरगी, वय बावीस-तेवीस. सकाळी बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली. केस ओले, कानामागे शाम्पूचा फेस तसाच. क्लिप लावली तर सॅच्युरेशन नव्याण्णव.

त्या दिवशी एक नवे डॉक्टर ड्यूटीवर होते. ते म्हणाले, “नव्याण्णव आहे. फुप्फुसं चांगली आहेत. टेन्शन असेल काहीतरी. वॉर्डला शिफ्ट करा.”

दारातून सासूबाई म्हणाल्या, “नाटकं हायती सगळी. कालच म्हायेरी जायचं म्हणत व्हती.”

मी सासूबाईंना विचारलं, “पाणी कशावर तापवता?”

“गॅसचा गीझर हाय की.”

“बाथरूमला खिडकी?”

“हाय. थंडी येती म्हणून पुठ्ठा लावलाय.”

बंद खोलीत गॅस जळला की जो विषारी वायू होतो, तो रक्ताला ऑक्सिजनसारखाच चिकटतो. रक्त लालच राहतं. बोटाची क्लिप रंगच बघते, ती फसते. माणूस आतून गुदमरत असतो आणि आकडा नव्याण्णव!

वॉर्डबॉय कॉट ढकलायला आला. मी चाकाचा ब्रेक दाबला आणि त्याच्यावर पाय देऊन उभी राहिले.

“डॉक्टर, एबीजी झाल्याशिवाय ही कॉट हलणार नाही.”

“सिस्टर, ऑर्डर कोण देतं इथे?”

“तुम्हीच देता. ब्रेकवर मी उभी आहे.”

बाजूच्या कॉटवरचा पेशंटसुद्धा मान वळवून बघायला लागला. डॉक्टर लाल झाले. पण एक चांगलं केलं त्यांनी, सिरिंज स्वतः उचलली. आमच्या एबीजीच्या मशिनवर त्या वायूचा आकडा वेगळा येतो. रिपोर्टचा कागद बाहेर आला, त्यांनी तो दोनदा वाचला. मग पळत जाऊन ऑक्सिजनचा मोठा मास्क त्यांनीच आणला, पोरीच्या तोंडाला लावला आणि ऑक्सिजन पुरता सोडला.

मी तशीच उभी. ते हळूच म्हणाले, “सिस्टर, आता उतरा. मी पण कुठे जात नाही.”

दुपारनंतर पोरीने डोळे उघडले. पहिला प्रश्न काय? “गीझर बंद केला का कुणी? आत्या आंघोळीला जायच्या होत्या.”

आत्या म्हणजे सासूबाईच, त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. मोठ्याने नाही. पदर तोंडात धरून.

महिन्याने दोघी तपासणीला आल्या. मी विचारलं, “काय, गीझरचं काय केलं?”

सासूबाई म्हणाल्या, “उपटून टाकला! आता अंगणात चुलीव पानी तापतंय. आन् पयली आंघूळ माझी. काय व्हायचं ते मला हू दे.”

*

हा लहानसा आहे.

सणसरकडचे एक तात्या, छातीत कफ झालेला, पण सुधारत होते. त्यांचा पुतण्या पुण्यात डॉक्टर. त्याने एबीजीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवला. पाठवला. दुसऱ्या मिनिटाला फोन! “ऑक्सिजन अडतीस? अडतीस? माणूस मरतोय तिथे आणि तुम्ही करताय काय? ताबडतोब ट्यूब टाका! व्हेंटिलेटर लावा!”

मी सांगायचा प्रयत्न करतेय की अहो, सुई चुकून शिरेत गेली असेल, शिरेतलं रक्त असंच येतं, आम्ही परत काढतोय. तो ऐकायला तयार नाही.

तात्या कॉटवर मांडी घालून बसलेले. पुढ्यात घरून आलेला डबा. फोनमधला आवाज त्यांच्यापर्यंत जातच होता. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

“कोण, सुनील का? आरं, मेलेला माणूस बोलतुय. भाकरी तेवढी संपू दे, मग टाकत्यात ट्यूब.”

*

आमच्या डॉक्टर मॅडम बुटक्या, चष्मेवाल्या, आवाज कधी चढवत नाहीत. पण त्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

इंदापूरकडचे एक वस्ताद आले होते. साठी ओलांडलेली, पण दंड माझ्या मांडीएवढा. तालमीत पोरं घडवायचे. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. नाकातून जोराचा ऑक्सिजन चालू, तरी सॅच्युरेशन चौऱ्याऐंशी. आपण किती ऑक्सिजन देतोय आणि त्यातला रक्तात किती उतरतोय, हे मॅडम दर वेळी भागाकार करून बघतात. वस्तादांचं उत्तर सकाळपासून खालीच चाललं होतं. संध्याकाळपर्यंत व्हेंटिलेटर, हे आम्हाला दिसत होतं. बाहेर त्यांच्या बायकोलाही बहुतेक दिसत होतं. त्या बाकावर न बसता दारालाच टेकून उभ्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, “वस्ताद, पोटावर झोपा. फुप्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की तो दबतो. पालथे झालात तर उघडेल.”

“पालथं? दम लागलेल्या माणसाला पालथं घालत्यात व्हय? तान्हं पोरगं हाय का मी?”

नाहीच म्हणाले. मॅडमनी समजावलं, पोपटने हात जोडले, बायको आत येऊन रडली. नाही म्हणजे नाही.

मी त्यांच्या कानाशी गेले. “वस्ताद, एक सांगा. पाठ टेकली की काय होतं?”

“चितपट.”

“आणि पालथं असलं की?”

धाप लागलेली, कपाळावर घाम. मग म्हणाले, “कुस्ती चालू.”

“मग आत्ता पाठ कुणाची टेकलीय?”

नळ्या सांभाळत, पोपटच्या खांद्याचा आधार घेत स्वतःच वळले. छातीखाली उशी दिली. दोन्ही हातांनी कॉटचे कठडे धरले.

चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. बराच वेळ पंच्याऐंशीच. मॅडम स्टूल घेऊन शेजारी बसल्या त्या उठल्याच नाहीत. मग एकोणनव्वद! संध्याकाळी ब्याण्णव! व्हेंटिलेटर कोपऱ्यात तयार होता तसाच राहिला. मी बाहेर जाऊन त्यांच्या बायकोला सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा बाकावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेवाला आपलं मशिन ढकलत आला. “बाबा, उताणे व्हा. छातीचा फोटो काढायचाय.”

वस्तादांनी मान तिरकी करून त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“पंचक्रोशीत कुणाला जमलं न्हाय मला उताणा करायला. तू फोटूसाठी करतुस?”

फोटो पालथाच निघाला.

*

आणि ही शालन.

शालन बावड्याची. नवरा दत्ता आणि ती, दोघं मिळून शेडनेटमध्ये ढोबळी मिरची करायची. एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. मग पापण्या खाली पडायला लागल्या, आवाज घोगरा झाला, आमच्याकडे पोहोचेपर्यंत श्वास थांबत आलेला. अंगावर कुठेही चावल्याची खूण नाही. मॅडमनी तिची पापणी बोटाने वर केली आणि म्हणाल्या, “जमिनीवर झोपली होती?”

दत्ता म्हणाला, “व्हय. उकडत व्हतं म्हणून.”

“मण्यार. हा साप झोपेत चावतो, खूणही दिसत नाही.”

विषावरची इंजेक्शनं दिली, ट्यूब टाकली, व्हेंटिलेटर लावला. पण दुसऱ्या दिवशी शालन म्हणजे लाकूड झालेलं. पापणी नाही, बोट नाही, चिमटा काढला तरी काही नाही. डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या मोठ्या, तशाच.

दुसऱ्या एका पेशंटसाठी बाहेरून मोठे डॉक्टर आले होते. जाता जाता शालनपाशी थांबले, बॅटरी मारून बघितली आणि तिथेच, तिच्या उशाशी म्हणाले, “यात आता काही राहिलेलं नाही. नातेवाइकांना स्पष्ट सांगून टाका.”

ते तिच्या दिराने ऐकलं. तो दत्ताला म्हणाला, “घरी नेऊ. नरसिंहपूरला देवाच्या पायाशी ठिवू. हितं मशिनीव कशाला हाल?”

दत्ता माझ्याकडे आला. “ताई, तुमी तरी खरं सांगा.”

मी त्याला मॅडमपुढे उभं केलं. मॅडमनी एबीजीचा कागद त्याच्यापुढे धरला. “हे बघ. फुप्फुसं स्वच्छ आहेत. ऑक्सिजन रक्तात नीट उतरतोय. विषाने तिचे स्नायू झोपवलेत, बाहुल्यांचेसुद्धा. ती गेली, हे मला अजून कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. मी मशिन काढणार नाही. ज्याला काढायचं असेल त्याने माझ्यासमोर येऊन काढावं.”

कुणी आलं नाही.

आम्ही कामाला लागलो. कूस बदलायची, डोळ्यांत मलम घालायचं, कफ ओढायचा. रक्त काढताना मी आधी सांगायची, “शालन, सुई टोचते हं.” आणि दर तासाला आकडा बघून मॅडमच्या टेबलाकडे ओरडायची, “सत्त्याण्णव, मॅडम!”

पोपट एकदा म्हणाला, “सिस्टर, मॅडम तर ओपीडीत गेल्यात. कुणाला सांगताय?”

मी म्हटलं, “तू तुझं काम कर.”

पाचव्या दिवशी पायाचा अंगठा हलला. पोपटने बघितला आणि हातातला ट्रे खाली टाकला. मग पापण्या. मग बोटं. आठव्या दिवशी मॅडमनी ट्यूब काढली. कॉटभोवती मॅडम, पोपट, मी, आणि पायथ्याशी दत्ता, हात जोडून.

दत्ता म्हणाला, “शालन, वळखलंस का मला?”

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत होती. ओठ कोरडे, आवाज फाटलेला. मी वाकले.

“सिस्टर...”

“बोल गं.”

“रोज आपलं सत्त्याण्णव, सत्त्याण्णव. शंभर कवा येनार वो?”