खांब उलटून मारत नाही

सकाळपासून धुकं बसून होतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती ओल. अशा हवेत आधी लॉन्ड्रीवाल्याचं डोकं भिजतं, मग कपडे. लॉजच्या चादरींचा गठ्ठा वाळवणीच्या यंत्रातून दुसऱ्यांदा बाहेर आला, तरी शिवणींना हात लावला की गार लागत होतं. वहिनीने एक चादर गालाला लावून बघितली, "ही अजून रडतेय," म्हणाली आणि परत आत कोंबली.

वहिनी ती एकाचीच, पण गल्ली तिला वहिनीच म्हणते. धाकटा दीर दुकानात बसून दिवसभर "वहिनी, पावती! वहिनी, सुट्टे!" असा पुकारा करतो, गिऱ्हाइकांनी तेच उचललं. तिच्या बापाच्या वयाचा समोरचा चष्मेवालाही "वहिनी, कोट झाला का?" असंच विचारतो. बाई अंगाने भरदार, आवाजाने त्याहून. एका हाताने ओल्या पडद्यांची टोपली उचलते आणि दुसऱ्या हाताने फोनवर लॉजवाल्याला झापते.

त्या दिवशी मात्र तिचं चित्त ना चादरीत होतं ना लॉजवाल्यात. आदल्या दिवशी खेळाचा अपडेट आला होता.

खेळ म्हणजे कॉम्प्युटरवरचा. गावोगावची माणसं त्यात टोळ्या करून राक्षसांशी लढतात. वहिनीच्या टोळीत आठ जागा. कुणी बाण मारतो, कुणी जखमा भरतो. ज्याची त्याची जात ठरलेली, तिला खेळात क्लास म्हणतात. वहिनीचा क्लास राखणदार. ढाल घेऊन पुढे उभं राहायचं आणि मागच्यांचे घाव आपण खायचे. राखणदाराच्या ढालीवर घाव बसला की त्याचा संताप वाढायचा. पडद्याच्या तळाशी लाल पट्टी भरत जायची. पट्टी काठोकाठ भरली की ढाल अशी फैलावायची, की अख्खी टोळी तिच्या आडोशाला. आता कंपनीने तो नियम फिरवला होता. घाव खाऊन पट्टी नावालाच भरणार. भरायची असेल तर स्वतः कुणालातरी हाणायचं. खाली कारण दिलं होतं, की राखणदार खेळणाऱ्यांना नुसतं उभं राहून कंटाळा येतो असं आमच्या लक्षात आलं आहे.

"कुणाला आला कंटाळा? मला विचारायला आलं होतं कुणी?" वहिनी म्हणाली.

ती आणि दीर मोठी चादर घडी करत होते. चार कोपरे दोघांच्या हातात. जवळ यायचं, कोपरे जुळवायचे, मागे सरायचं. दीर टोळीचा म्होरक्या. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत जाणारं शेंबडं पोर होता, म्हणून ती त्याला अरेतुरे करते. 'भाऊजी' आणि 'तुम्ही' सुरू झालं की घरातले भांडी आवरायला घेतात.

"अगं, ऐकून तर घे. मी मोजून बघितलंय. सरावाच्या मैदानात जो लाकडी खांब असतो ना, त्याला बडवून. जुन्या नियमात तुझी पट्टी शून्य. नव्यात दणादण भरते. म्हणजे तुझा क्लास सुधारलाय."

"खांबावर?"

"खांबावर."

"खांब उलटून मारतो का?"

"खांब कसा मारेल?"

"मग जुन्या नियमात पट्टी शून्यच येणार ना, शहाण्या! ती मार खाल्ल्यावर भरायची. उद्या कोरी चादर धुवायला टाकशील आणि म्हणशील, बघा, साबणाने एक डाग काढला नाही."

कोपऱ्यात सासूबाई सदऱ्यांची सुटलेली बटणं लावत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बोलेल त्याची बोरं विकली जातात. बोला, बोला."

दीर जवळ आला, कोपरे जुळवले. "बरं, खांबाचं सोड. पण नियम आता हाच आहे."

"मग पुलावरच्या लढाईचं सांग. राक्षस पुलापलीकडे उडी मारतो आणि तिकडून दगड फेकतो. माझी तलवार पोचणार आहे तिकडे? हाणू कुणाला? हवेला?"

"तेव्हा छोटी भुतं येतात की. त्यांना हाण."

"ती येतात डाव्या टोकाला. मी तिकडे पळाले की मागे औषधवालीच्या डोक्यात धोंडा. ती मेली की जखमा कोण भरणार, तुझे आकडे?"

औषधवाली म्हणजे टोळीतली जखमा भरणारी. खऱ्यातही तिचं औषधांचं दुकान. दीर चादरीची शिवण चाचपू लागला. पटलं असं नव्हे. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि चादर मध्ये होती तोवरच बोललेलं बरं, असा हिशेब दिसत होता.

"वहिनी, आता एका राखणदाराची पट्टी एवढी भरते, तर दोन कशाला? दुसरा राखणदार, तो वेल्डर, आहेच. तुझ्या जागेवर भालेवाला घ्यावा असं चाललंय आमचं."

वहिनीने चादरीला असा हिसका दिला, की दीर दोन पावलं पुढे आला.

"भाऊजी," ती म्हणाली, "चादर सोडा."

सासूबाईंनी सुई थांबवली. "काय गं, कुणाचं लग्न मोडलं?"

वाचणाऱ्याला वाटेल, खेळातली एक जागा, त्यात काय एवढं. पण त्या जागेचं तिला केवढं अप्रूप होतं हे घरच्यांना ठाऊक होतं. पहिल्यांदा ती दिराच्या खांद्यावरून डोकावली तेव्हा तिने विचारलं होतं, "हे सगळे माकडासारखे उड्या मारतायत, तो एकटा पुढे उभा आहे तो कोण?" राखणदार, तो म्हणाला. "मग मला तो दे. मला उड्या जमायच्या नाहीत." तेव्हापासून ती त्या जागेवर. टोळीने तिला 'भिंत' नाव ठेवलं. दुकानात सगळी तिच्याकडे मागायलाच येतात, तिथे मात्र लांबच्या गावातला कुणी वेल्डर, ज्याचं तोंडही तिने पाहिलं नाही, म्हणायचा, "भिंत आहे ना? मग चला." ते ऐकायला ती आठवडाभर थांबायची.

"मला एक फेरी द्या," ती चादर एकटीच छातीशी धरून घडी करत म्हणाली. "रविवारी दुकान बंद असतं. दुपारी. पूल पार झाला तर जागा माझी."

"आणि नाही झाला तर?"

"तर घाला त्या भालेवाल्याला पाटावर."

मधले दिवस तिने भांडण्यात घालवले. खेळाच्या चर्चेच्या पानावर तिने लांबच लांब लिहिलं: खांबावरची मोजणी खोटी का, पुलावर पट्टी रिकामी का राहते, उभं राहणं म्हणजे काही न करणं नव्हे. उत्तरं आली. एकाने आकड्यांचा तक्ता चिकटवला, तोही खांबावरचाच. दुसऱ्याने म्हटलं, राखणदार रडतात. तिसऱ्याने एकच ओळ लिहिली: "आधी खेळायला शिका, काकू."

"ह्याला कसं कळलं मी काकू आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

नवरा वायरमन. त्याला खेळात राम वाटत नाही, पण बायकोत वाटतो. तो म्हणाला, "एवढं समजावून कोण सांगतं काकूशिवाय? ते जाऊ दे. त्या भुतांना एकदा जाऊन मारून तर बघ."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर विचारतोय."

तिने त्याला उडवून लावलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिने एकटीने पूल उघडून बघितला. एकटीने राक्षस मरत नाही, पण दगड पडतात आणि भुतंही येतात. डावीकडे धाव, दोन घाव, परत जागेवर. पहिल्यांदा मेली. दुसऱ्यांदा मेली. मग एकदा दगड पडायच्या आत परतली आणि पट्टी भरलेली दिसली. दोनच घाव घालायचे. तिसऱ्याच्या मोहात पडलं की उशीर.

जमत होतं. तिला त्याचा आनंद झाला नाही, उलट जास्तच राग आला. जमतंय म्हणजे नियम बरोबर, असं ते सगळे म्हणणार. दाराशी गिऱ्हाईक आलं तसा तिने लॅपटॉप मिटला आणि कुणाला काही बोलली नाही.

रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. मागच्या खोलीत दीर आपल्या कॉम्प्युटरवर, वहिनी इस्त्रीच्या टेबलावर जुना लॅपटॉप मांडून. दोघांच्या कानांवर हेडफोन. टोळी जमली.

"भिंत आली का?" वेल्डरचा आवाज.

"आले."

सुरुवात झक्क झाली. राक्षस आला, वेल्डरने आणि तिने घाव वाटून घेतले, मागून बाण सुटत राहिले. मग राक्षस पुलापलीकडे उडाला. वेल्डरने ठरल्याप्रमाणे पुलाचं उजवं तोंड धरलं. पहिला धोंडा वहिनीच्या ढालीवर आदळला. पट्टी जराशी सरकली.

"वहिनी, डावीकडे भुतं!"

ती हलली नाही. दुसरा धोंडा. पट्टी पावही नाही.

"वहिनी, जा ना! दोन पावलांवर आहेत!"

तिची बोटं बटणांवरच होती. जाणं, मारणं, परतणं, सगळं बोटांत होतं. ती ढाल धरून उभी राहिली. बघा, असं तिच्या मनात चाललं होतं; बघा तुमचा नियम, उघड्या डोळ्यांनी बघा. तिसरा धोंडा तिला ओलांडून गेला आणि औषधवाली आडवी झाली. मग बाणवाले. वेल्डर एकटाच थोडा वेळ धडपडला, मग तोही गेला.

वहिनीच आधी बोलली. "भरली का पट्टी? मी काय सांगत होते?"

"वहिनी," औषधवाली म्हणाली, "तुम्ही गेलातच नाही."

"जायचं कशाला? राखणदाराने जागा सोडायची?"

दिराने हेडफोन काढून गळ्यात टाकला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "तू खेळत नव्हतीस. भांडत होतीस."

"नियम चुकीचा आहे."

"आहे! आहे चुकीचा! खांबाचं तुझं बरोबर, कंपनीला अक्कल नाही, लिहून देतो. पण आम्ही सात जण त्या कंपनीत कामाला नाही गं. आम्हाला कशाला मारलंस?"

ती लॅपटॉप मिटत म्हणाली, "बोलवा तुमच्या भालेवाल्याला."

त्याने बोलवलं. भालेवाला तयारच बसला होता म्हणे. वहिनीने हेडफोन टेबलावर आपटला, पण खोलीतून गेली नाही. हॉटेलवाल्यांच्या ॲप्रनचा ढीग पुढे ओढून ती बसली, पाठ दिराकडे. ढिगाला हात मात्र लागला नाही. थोड्या वेळाने पाठ अर्धी वळली, मग पुरती.

दिराच्या पडद्यावर पुन्हा पूल आला. आता राखणदार एकटा वेल्डर. तो डावीकडे धावला. एक, दोन, तीन घाव. परतेपर्यंत धोंडा पडून औषधवालीचा जीव निम्मा झाला. पुन्हा गेला. पुन्हा तीन. औषधवाली ओरडत होती, आणि दीर "लवकर, लवकर" करत होता. ज्याला स्वतःला काही कळत नाही त्याचं असतं तसलं 'लवकर, लवकर'. डाग सोड्याने निघतो हे दिसत असताना कुणी लिंबू चोळत बसावं, तसं तिला होत होतं.

वेल्डर तिसऱ्यांदा धावला.

"दोनच मार, मेल्या!" ती ओरडली. "दोनच! तिसरा नको, मागे फीर!"

तिचा आवाज दिराच्या माइकमधून गेला असावा. त्या आवाजाला कुठल्याही माइकची गरज नव्हती. वेल्डर दोन घावांवर फिरला. धोंडा सुटला तेव्हा ढाल फैलावलेली होती. राक्षसाचे धोंडे संपले, आणि कधी नव्हे ती टोळी आठच्या आठ जिवंत पुलापलीकडे पोचली. दिराच्या कानांत सगळे एकदम कल्ला करत होते. हेडफोन नसूनही वहिनीला तो ऐकू आला.

दीर ओरडला नाही. हात बटणांवर तसेच ठेवून त्याने मान फिरवली.

"तुला येत होतं?"

वहिनीने पडद्याकडे बोट केलं.

"मघाशीही येत होतं?"

"समोर बघ," ती म्हणाली. "मरतील सगळे."

तो पडद्याकडे वळला. राक्षस अजून निम्मा बाकी होता आणि भालेवाला कुणालातरी काहीतरी विचारत होता. दाराशी सासूबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा लेकाच्या पाठीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

वहिनीने वरचा ॲप्रन घेतला. भिजत घालायच्या आधी खिसे बघावे लागतात. हे वेटर लोक खिशात काय ठेवतील नेम नाही. पहिल्यात पेनाचं टोपण निघालं. दुसऱ्याचा खिसा तेलाने चिकटून बसला होता. तिने तो उलटा केला, आतला लगदा नखाने खरवडला आणि पुढचा ॲप्रन ओढला.